उलटराव आणि मागची पायरी

उलटराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे बरं का, बाजारानं ठेवलेलं. हा माणूस बाहेरगावच्या पाहुण्यांना जुनं शहर फिरवून दाखवायचा, वेशीपासून घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत, आणि चालायचा कसा, तर उलटा. तोंड पर्यटकांकडे, पाठ रस्त्याकडे. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ऐकणाऱ्याचं तोंड दिसलं नाही तर गोष्ट सांगू कुणाला, माझ्या नाकाला?"

हातगाड्या म्हणू नका, सायकली म्हणू नका, मसाल्याची पोती म्हणू नका, सगळ्यांतून पाठीनं वाट काढायचा. त्याला नडायची ती एकच जागा. तांबटांच्या गल्लीच्या वळणावर दगडाची एक पायरी होती, खोल, मधोमध झिजलेली. नेमकं तिथंच त्याच्या बायकोचं दुकान. दुकान कसलं, कपाटच ते, बटणं, लेस नि दोऱ्याची रिळं. हा बोलत बोलत मागं यायचा आणि ती बटणं निवडता निवडता, मान वर न करता म्हणायची, "अहो, पायरी." हा पाय खाली टाकायचा. वाक्य तुटायचं नाही.

एकदा पाहुण्यांतल्या एका बाईनं विचारलं, "न बघता कळतं कसं हो यांना?"

"लग्नापासून माझ्या चपलेचा आवाज ऐकतेय, वैतागलीय," हा म्हणाला.

"वैतागले असते तर गप्प बसले असते," आतून उत्तर आलं. केवढे हसले लोक.

पुढं तिला ताप आला आणि तो डोक्यात गेला. गेलीच ती.

दिवस झाले, उलटराव कामावर आला. पोट कुणाला चुकलंय. सकाळपासून त्याच्या मनात ते वळण होतं, पण गोष्ट रंगली आणि विसरला. तेवढ्यात डाव्या कानामागून आलं, "अहो, पायरी." पाय आपोआप खाली गेला. वाक्यही पुरं झालं. पुढचं वाक्य मात्र त्यानं दोनदा सांगितलं.

तेव्हापासून रोजचंच झालं. त्यानं वळून कधी बघितलं नाही. त्या जागी कुणी छत्रीवाला बसायला लागला म्हणे, पण हा पाहुण्यांवरची नजर काढायचा नाही. एकटा असला तर लांबच्या वाटेनं जायचा. सरळ चालणाऱ्याला पायरी कोण सांगतं?

पण आवाज बारीक व्हायला लागला. वळण आलं की हा स्वतःचा आवाज उतरवायचा, कान द्यायचा. पाहुण्यांना वाटायचं, आता काहीतरी गुपित सांगणार, ते पुढं वाकायचे. मग आवाज उशिरा यायला लागला, पाय अधांतरी असताना. आणि एक दिवस हा पडला. मनगट मोडलं. दगडावर आडवा झाल्यावर अगदी स्वच्छ ऐकू आलं, "अहो, पायरी."

घरी लेक हात गळ्यात बांधता बांधता म्हणाली, "बाबा, आता सरळ चाला, नाहीतर घरी बसा."

"सरळ चाललो तर ती बोलेल कशाला?"

लेकीचा हात गाठीवरच थांबला. "कोण?"

त्यानं सांगितलं. लेकीनं गाठ पक्की केली. मग म्हणाली, "मीही त्याच गल्लीनं कामाला जाते. मला का नाही ऐकू येत?"

"तू समोर बघून चालतेस."

"मग मी सांगते ते ऐका. उशीर होतोय म्हणजे दमलीय ती. मेल्यावरही तिला त्या कोपऱ्यावर बसवून ठेवलंय तुम्ही."

हे त्याला लागलं. त्या दिवशी ताट तसंच राहिलं.

प्लास्टर निघालं, नवे पाहुणे आले, आणि हा पुन्हा उलटाच निघाला. सवय ती. वळणावर मात्र थांबला. टाच दगडाच्या कडेवर. वाट बघत राहिला. पाहुणेही चिडीचूप, त्यांना वाटलं हाही खेळातलाच भाग. तांबटांचे हातोडे तेवढे वाजत होते. काही आलं नाही.

"काका, मागं पायरी आहे," छत्रीवाला म्हणाला.

"ठाऊक आहे," हा म्हणाला आणि वळला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा ती जागा समोरून बघितली. टांगलेल्या छत्र्या, चहाचा कप, त्यामागं एक बिचारा भला माणूस. बाकी काही नाही. बघून बघून, शेवटी तो तोंड पुढं करूनच पायरी उतरला आणि तसाच चालू लागला.

आता पाहुणे पाठीमागं. त्यांची तोंडं दिसेनात, नुसते पाय ऐकू यायचे. बूट, चपला, एका म्हाताऱ्याची काठी. आणि सगळ्यांच्या मागून आणखी कुणीतरी येत होतं, सावकाश, बसून बसून पाय अवघडल्यासारखं.

मान वळवली असती तर दिसलं असतं. त्यानं वळवली नाही. मनोऱ्याची गोष्ट सुरू केली आणि अगदी शेवटच्या माणसापर्यंत पोचावी म्हणून आवाज जरा चढवला.