विजापूरला दिलेली लेक

परंडा काही काळ निजामशाहीची राजधानी होतं, हे पाहुण्यांना मी फुकट सांगतो. मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. तरी पाहुणे जातात ते किल्ल्याच्या दारात शेंगा विकणाऱ्या त्या बाईकडंच.

शेंगा घेतल्या की ती टोपली झाकते, पदर खोचते आणि किल्ला दाखवायला निघते. सांगते ते निम्मं चुकीचं. मी मागून दुरुस्त करत जातो, तर लोक मलाच गप्प बसवतात.

मुलूखमैदान तोफ इथून विजापूरला नेली, एवढंच मी सांगतो. ती म्हणते, "लेक व्हती आमची. विजापूरला दिली."

दिवाळीच्या सुट्टीत विजापूरचंच एक कुटुंब आलं. मी नकाशा उघडेपर्यंत हिनं डोक्यावर पदर घेतला. "म्हंजी तुमी व्याही की आमचे! तसंच कसं जाताल?" आणि त्यांच्या सुनेची ओटी तिनं शेंगांनी भरली. "आमच्या लेकीकडं बघत जा, माय."

सून चक्क रडली. जन्मभर शिकवलं, माझ्या तासाला कुणी रडलं नाही. झोपले मात्र पुष्कळ.

त्यानंतर मी विजापूरला गेलो, तोफ नीट मोजून यावी म्हणून. आसपास कुणी नाही असं बघून तिच्यावर हात ठेवला आणि तोंडून निघून गेलं, "बरी हायस ना, बाय?"

परत आल्यावर हे त्या बाईला सांगितलं नाही. तेही तिनं पाहुण्यांना सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं.