उलायूची वाटणी

उलायू सुरी हातात घेते तेव्हा मी गप्प बसते. उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या या गावात ही बातमीच म्हणायची, कारण गावच्या रेडिओवर रोज सकाळी दोन तास मीच बडबडत असते. कुणाची स्नोमोबाइल बंद पडली, कुणाच्या दारात कॅरिबूची, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या हरणाची, गोठलेली तंगडी आली, हवी असेल त्यानं आपली सुरी घेऊन तिकडं जावं, आजचं विमान येणार की धुक्यात अडकणार, हे सगळं साडेतीनशे माणसांना माझ्या तोंडून कळतं. आणि तरीही गावजेवणाला उलायू पुठ्ठ्यावर गुडघे टेकते, आणि माझी बोलती बंद होते.

गावजेवण म्हणजे हॉलच्या फरशीवर लांबच लांब पुठ्ठे. त्यावर कच्चं, दगडासारखं गोठलेलं कॅरिबूचं मांस, सील, गुलाबी मासे, व्हेलची जाड कातडी. चूल नाही, पातेलं नाही, ताट नाही. घरंच्या घरं गोल करून बसतात. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना लेकी बारीक कापून देतात, बापाच्या मांडीवरचं पोर गोठलेला तुकडा चोखत बसतं, आणि थोड्या वेळानं कच्च्या मांसाची अशी ऊब अंगात चढते की जो तो कोट काढून भिंतीकडं फेकतो. बाहेर बर्फ असतं, आत सगळ्यांचे गाल लाल झालेले असतात.

वाटणी उलायूची. वय बहात्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. तिची ती अर्धगोल सुरी फिरायला लागली की मांस आपणहून सुटं होतंय असं वाटतं. पण हात चालणारी माणसं गावात पुष्कळ आहेत. मी थक्क होते ते तिच्या डोक्यापुढं. कुणाला किती, कुणाला कुठला भाग, हे ती कुणाला विचारत नाही. गरोदर बाईपुढं एक जातं, ताप येऊन गेलेल्यापुढं दुसरं. शंभर माणसं असोत की दीडशे, शेवटच्या माणसाला कधी कमी पडलेलं नाही आणि पुठ्ठ्यावर कधी काही उरलेलं नाही.

माझ्या नातीचंच सांगते. पोरगी पांढरीफटक पडली होती. चिप्स आणि गोड सरबत, दुसरं काही घशाखाली उतरायचं नाही, आणि ते लाड मीच केलेले. नर्सनं लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या तिनं ओकून टाकल्या. मी लाजेनं कुणापुढं बोलले नाही. पण पुढच्या जेवणाला उलायूनं सीलचं काळीज कापलं आणि सगळ्यांच्या आधी माझ्या नातीपुढं ठेवलं. 

"खा. हे मोठ्या माणसांना मिळत नाही."

मग काय, पोरगी तुटून पडली. सबंध हिवाळा हेच चाललं. वसंतात नर्सनं रक्त तपासलं आणि मशीन बिघडलंय की काय म्हणून पुन्हा तपासलं.

"तुला कुणी सांगितलं गं?" मी उलायूला विचारलं.

"तिच्या नखांनी," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा ती कमी बोलतात, पण खरं बोलतात."

आता माझी गोष्ट. माझी नाळ उलायूनं कापली. नाळ कापणारीला आम्ही सानायिक म्हणतो, म्हणजे घडवणारी. तिनं नाळ कापलेल्या पोरानं आपली पहिली शिकार तिच्यापुढं आणून ठेवायची. पक्षी असो, मासा असो, सगळीच्या सगळी. आपण त्यातला कणही खायचा नाही. सानायिक ती गावाला वाटते, आणि मग त्या पोराला गाव माणूस म्हणून धरतं.

उलायूनं एकतीस नाळा कापल्या. तिसांनी आपली शिकार आणून दिली. राहिलेली मी.

सातव्या वर्षी छातीच्या रोगासाठी मला विमानानं दक्षिणेतल्या दवाखान्यात नेलं. परत आले ती दहा वर्षांची होऊन. पहिल्याच गावजेवणाला कच्चं मांस पाहून मी पुठ्ठ्यावरच ओकले. पोरं हसली. उलायूनं पुठ्ठा पुसला, मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "भूक येईल तेव्हा येईल." भूक यायला वर्ष लागलं. खायला शिकले, पण बर्फावर जायची भीती काही गेली नाही. माझ्या वयाच्या पोरी हातभर मासे आणत होत्या. मी तोंड चालवायला शिकले. लोक हसत, मीही हसे, आणि बघता बघता पन्नाशी उलटली. उलायूनं इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

या जूनमध्ये कळलं की उलायूची मूत्रपिंडं गेली. रक्त साफ करणारं मशीन आमच्याकडं नाही, ते दक्षिणेत. आठवड्यातून तीनदा त्यावर झोपायचं, म्हणजे कायमचं तिकडंच राहायचं. विमान सोमवारचं. शनिवारी तिच्यासाठी गावजेवण ठरलं. ते रेडिओवर मीच सांगितलं. ती एकदा गेली की मी आयुष्यभर ती राहून गेलेली एकतिसावीच राहणार होते.

मंगळवारपासून रेडिओ संपला की मी गळ घेऊन किनाऱ्यालगतच्या बर्फाच्या भेगेवर बसायला लागले. मोठा गुलाबी मासा धरीन, दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढं ठेवीन, असं मनात चित्र होतं. दोन दिवस काही नाही. गुरुवारी संध्याकाळी दोरीला झटका बसला, ओढलं, आणि वर आला एक कानायुक. तळहाताएवढा. नुसतं डोकं, काटे आणि भला मोठा जबडा. सहा वर्षांची पोरं गंमत म्हणून धरतात आणि सोडून देतात तो.

मला रडू आलं. दीडशे माणसांसमोर हा ठेवू? टाकूनही देववेना. म्हणून मी तो गावाच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवला. शिकारी आपल्या घरचं भागलं की उरलेलं त्या मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवतात, ज्याला लागेल तो नेतो. तिथं गेलेल्या गोष्टीला देणाऱ्याचं नाव राहत नाही, ती सगळ्यांची होते. माझ्या ते ध्यानात आलं दुसऱ्या दिवशी सकाळी. माझी आयुष्यातली पहिली शिकार मी स्वतःच्या हातानं बेवारशी केली होती.

तेवढ्यात फ्रीजर सांभाळणारा तुमासी रेडिओच्या खोलीत आला आणि त्यानं माझ्यापुढं चिठ्ठी ठेवली.

"लिझे, हे वाच. मोठ्यानं."

मी वाचायला लागले. "गावाच्या फ्रीजरमध्ये कुणीतरी एक कानायुक ठेवला आहे. एक. माझ्या अंगठ्यापेक्षा थोडा मोठा. ही थट्टा कुणी केली त्यानं येऊन आपलं हे वैभव घेऊन जावं. तुमासी."

तुमासी काचेपलीकडं जाऊन पोट धरून हसत होता. माइक चालू होता. गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात माझा श्वास ऐकू जात असणार. मी पुढची चिठ्ठी उचलली, विमानाची वेळ होती ती, आणि अक्षरं दिसेनात.

"तो माझा आहे," मी म्हणाले. "काल धरला. थट्टा नाही. माझा पहिला आहे."

तुमासीचं हसू तिथंच थांबलं. मी एक गाणं लावलं आणि डोकं टेबलावर ठेवलं. गाणं अर्ध्यावर असताना फोन वाजला.

"अर्नालियाक," उलायूचा आवाज. अर्नालियाक म्हणजे सानायिकनं घडवलेली पोरगी. या नावानं ती बाकीच्या पोरींना हाक मारायची, मला कधी मारली नव्हती. "फ्रीजरमध्ये टाकलास ते चांगलं केलंस. गोठलेला पातळ कापता येतो. उद्या घेऊन ये. आणि तुमासीला सांग, त्याचा अंगठा एवढा मोठा असेल तर मला एकदा दाखव."

शनिवारी हॉल गच्च भरला. पुठ्ठ्यांवर तुमासीचं कॅरिबू होतं, दोन सील होते. उलायूनं कशालाच हात लावला नाही.

"आधी तो," ती म्हणाली.

मी पिशवीतून तो काढला. कुणीतरी फिसकन हसलं, उलायूनं नुसतं पाहिलं, आणि मग कुणी हसलं नाही. तिनं स्वच्छ पुठ्ठ्याचा एक चौकोन मांडला, काटे छाटले, कातडी सोलली, सुरीवर दोनदा फुंकर मारली आणि कापायला लागली. कापणं म्हणायचं तरी कसं त्याला? कांद्याच्या पापुद्र्यासारखे पारदर्शक पदर त्या एवढ्याशा माशातून निघत राहिले. एका डोळ्यानं ती बघत होती. दोन्ही गाल, शेपटीकडचा भाग, कण्याला चिकटलेलं, सगळं. पदर नखाएवढे झाले, मग तांदळाएवढे. मी पन्नास वर्षं हा हात पाहत आले आणि त्या दिवशी मला वाटलं, आपण तो कधी पाहिलाच नव्हता.

माणसं एकेक करून पुढं आली. तान्ह्यांच्या ओठांना तिनं बोट लावलं. तुमासी आला, गुडघ्यावर बसला, जिभेवर तो कण घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "खारा आहे. चांगला आहे, लिझे." माझी नात दोनदा रांगेत शिरली, तिला उलायूनं कान धरून बाहेर काढलं. शेवटी दारात उभा असलेला परवाच आलेला नवा मास्तर राहिला. त्यालाही मिळालं. पुठ्ठ्यावर काटे आणि जबडा, बाकी काही नाही. 

नाही म्हणायला एक पदर सुरीच्या पात्याला चिकटून होता. तो उलायूनं स्वतःच्या तोंडात टाकला. ती सावकाश, खूप वेळ चघळत राहिली. मग तिनं माझा उजवा हात ओढून घेतला, माशाच्या चिकट्यानं माखलेल्या आपल्या हातात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून म्हणाली, "हिचा हात बघा रे! हा हात मी घडवला!"

मग खाली वाकून, फक्त मला, "तिकडं मशीनवर मला उकडलेली कोंबडी देणार आहेत. आता मला पोसायची जबाबदारी तुझी. मोठा धर. दर विमानानं पाठव. मी उपाशी राहिले तर बोल तुला लागेल."

मला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं, शब्द फुटेना. रेडिओवाल्या बाईची वाचा गेलेली पाहून अख्खा हॉल हसायला लागला, आणि उलायू सगळ्यांत मोठ्यानं.