चिंचेनं घासलेली पिस्तुलं

चेन्नईत तिरुवल्लिक्केणीला राहणाऱ्या चंद्रमौळींना रागवायला कारण लागत नसे. त्या वर्षीच्या आयुधपूजेला मात्र ते मिळालं, आणि मग घरात कोणाची धडगत राहिली नाही.

रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची सारी नोकरी माल तपासण्यात गेली. ठेकेदारानं आणलेली पेटी उघडायची, त्यातला एक स्क्रू उचलून बोटांत फिरवायचा आणि नाक मुरडून अख्खी पेटी परत पाठवायची. ठेकेदार हात जोडत, ओळखी काढत, हे काही बधत नसत. त्या परत पाठवण्यात त्यांना जे सुख होतं ते पगारातही नव्हतं. निवृत्त झाल्यावर माल येईनासा झाला, तेव्हा ते माणसं परत पाठवू लागले. दूधवाला, मीटर बघणारा, मुलीसाठी चालून आलेली दोन चांगली स्थळं. धाकट्या संयुक्ताचं लग्न शेवटी जमलं ते हे तापानं अंथरुणाला खिळले होते म्हणून, असं नातेवाईक अजून हसून सांगतात.

या माणसाचं प्रेम होतं ते एका लोखंडी कपाटावर. कपाटात जुनी युरोपी पिस्तुलं होती. पेरांबूरची अँग्लो-इंडियन घरं ऑस्ट्रेलियाला निघाली, की आजोबांच्या पेटाऱ्यातून असं काहीबाही बाहेर पडे आणि चंद्रमौळी तिथे हजर असत. मुठीत मावणारं बेल्जियमचं पिस्तूल, सहा नळ्यांचं इंग्रजी, घोडदळाचं जाडजूड ऑस्ट्रियन, चक्र अडकून बसलेलं एक फ्रेंच रिव्हॉल्व्हर. कायद्याला जे कागद लागतात ते सगळे फायलीत होते. गोळी एकातूनही सुटली नसती. या पिस्तुलांचा धाक होता तो फक्त घरच्या माणसांना, कारण कपाटाला कोणी हात लावायचा नाही असा हुकूम होता.

त्यात एक राणी होती. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. गारगोटीवर ठिणगी पाडून उडणारं फ्रेंच पिस्तूल, लांब नळी, अक्रोडाची मूठ, मुठीच्या टोकाला सिंहाचं तोंड. जॉर्ज टाउनमधला मोडीचा व्यापारी गजेंद्र, त्यांचा जिवलग मित्र, यानं ती आणून दिली होती. पाँडिचेरीच्या एका फ्रेंच अधिकाऱ्याच्या घरातली आहे म्हणाला. ती घ्यायला चंद्रमौळींनी स्कूटर विकली आणि पुढे कितीतरी वर्षं बसला लोंबकळत कामावर गेले. गजेंद्रनं तेव्हा बजावलं होतं, साफ करायची नाही, उघडायची नाही, जुनेपणाची साय गेली की वस्तू मेली. चंद्रमौळींनी ते मंत्रासारखं धरलं. दोन वर्षांपूर्वी गजेंद्र वारला, तेव्हा बायकोच्या वेळी रडले नव्हते इतके ते रडले.

सून रंजनी कुंभकोणमची, शाळेत शिकवणारी. नवरा कार्तिकेय श्रीपेरुंबुदूरला कंपनीच्या बसनं पाळीवर जायचा, त्यामुळे शाळा सुटली की सासऱ्याच्या तोंडी हीच. ऐन नवरात्रात चंद्रमौळींच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. दवाखाना संयुक्ताच्या घराजवळ, तांबरमला, म्हणून चार दिवस तिकडेच राहायचं होतं. जाताना त्यांनी कपाटाची किल्ली पहिल्यांदाच रंजनीच्या हातात सांभाळायला दिली. घरच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "आयुधपूजेस कपाटास बाहेरून गंध लाव. दार उघडूं नोको."

पोरीनं दार उघडलं.

उगाच नाही. त्या दिवशी चेन्नईत रिक्षा, लेथ, कात्र्या, सगळं धुऊन पुसून गंध लावून मांडतात. घरात खरी आयुधं आहेत, ज्यांची आहेत त्यांच्या डोळ्याला सुरी लागते आहे, आणि आपण पत्र्यावर गंध लावून मोकळं व्हायचं, हे तिला बरं वाटेना. मामंजींची दृष्टी नीट येऊ दे, असं देवीला म्हणत तिनं कपाट रिकामं केलं. घरच्या समया घासतात तशीच तिनं पिस्तुलं घासली, चिंचेच्या कोळानं, विटेच्या पुडीनं, नारळाच्या शेंडीनं आणि वर कढत पाण्यानं. मग नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या कोलूच्या बाहुल्यांपुढे पाटावर ओळीनं मांडली, प्रत्येकाला चंदनाचा टिळा, त्यावर कुंकू.

विजयादशमीला दुपारी चंद्रमौळी परतले. नवा डोळा लख्ख होता. जिन्याचे कठडे, शेजाऱ्यांच्या दारातली रांगोळी, सगळं स्वच्छ दिसत होतं आणि कधी नव्हे ते खुशीत होते. मग त्यांना पाट दिसला.

"कोणी केलं हें?"

"मी, मामंजी."

पुढचं सगळं लिहिण्यासारखं नाही. शंभर-दोनशे वर्षांची काळपट साय गेली होती. पोलाद भांड्यासारखं चकाकत होतं, खाचांतून ताजा तांबडा गंज डोकावत होता. चंद्रमौळींचं खरंच नुकसान झालं होतं, हे कबूल. पण जे बोलले ते नुकसानीपुरतं बोलले नाहीत. "खून केलास! राणीचं मढं केलंस माझ्या!" हे झालं. तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही, हे झालं. कामावरून आलेला कार्तिकेय, "अप्पा, तिनं चुम्मा, उगाच केलं नाहीं, तुमच्यासाठींच केलं की," एवढंच म्हणाला, तर त्यालाही घराबाहेर काढायला निघाले. तेवढ्यानं भागेना, म्हणून कुंभकोणमला व्याह्यांना फोन लावला. सुब्बाराव, रंजनीचे वडील, हृदयाचे रोगी, पंचाहत्तरीचे. त्यांना तंजावरी रीतीनं "संबंधी, संबंधी" म्हणत यांनी असं सोललं, की मुलीला वळण दिलं नाही, घासायला तेवढं शिकवलं, अक्कल बांधून द्यायला विसरलात. पलीकडून म्हातारा नुसता "चुकलं, चुकलं" म्हणत होता. रंजनी तिथेच उभी होती. बापाचं नाव निघालं तेव्हा तिचे ओठ हलले, पण ती काही बोलली नाही. तिच्या गप्प राहण्यानं यांचा पारा आणखी चढला.

त्यानंतर घरात स्मशानशांतता. चंद्रमौळी कोपऱ्यावरच्या मेसमधून दहीभात मागवत आणि खोलीचं दार लावून जेवत. रंजनी दाराशी पाणी ठेवी, ते तसंच राही.

अशातच त्यांनी तेलाचं फडकं घेतलं. चंदनाच्या ओलाव्यानं गंज आणखी धरेल, निदान तो तरी पुसावा. एकेक पिस्तूल मांडीवर घेऊन ते पुसू लागले आणि तोंडानं सुनेचा उद्धार चालूच होता. सगळ्यांचे टिळे नळीवर होते, वरच्या बाजूला, नीट मध्यभागी. राणीचा मात्र नळीवर नव्हता. तिचा होता डाव्या कुशीवर, चापाच्या मागे, आणि चांगला रुपयाएवढा जाड थापलेला. एवढंही धड जमलं नाही, असं पुटपुटत त्यांनी नखानं चंदन खरवडलं.

खाली स्क्रू होता.

त्यांनी पिस्तूल खिडकीशी नेलं. स्क्रूच्या डोक्यावर एक सरळ खाच हवी होती. तिथे दोन होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या. चौकडीचा स्क्रू. ज्या काळातली ही राणी म्हणायची, त्या काळात असा स्क्रू जगात नव्हता. चंद्रमौळींच्या आजोबांनीही तो तरुणपणी पाहिला नसेल. डब्यातले पंखे बसवायला कारखान्यात तो टोपल्यांनी यायचा. असे हजारो त्यांनी बोटांत फिरवले होते. इथे त्यावर काळी लाख भरून वर खोटा गंज चढवला होता, आणि कढत पाण्यानं लाख वाहून गेली होती.

साफ करायची नाही, उघडायची नाही. आता कळलं का ते!

राग असा उसळला की पिस्तूल भिंतीवर फेकायला त्यांनी हात उगारला. गजेंद्रच्या नावानं जे तोंडात आलं ते बोलले. पण गजेंद्र कधीच राख होऊन गेला होता. त्याच्या तिरडीला यांनीच खांदा दिला होता. उरले ते स्वतः, एका स्क्रूपायी अख्खी पेटी परत पाठवणारे मोठे इन्स्पेक्टर! स्वतःच्या घरातला एक स्क्रू त्यांनी कधी तपासला नव्हता. कारण तपासायचा नव्हता. राणी खोटी निघाली असती तर काय राहिलं असतं त्यांच्याकडे? मनात हे येताच त्यांनी हात खाली घेतला.

आणि मग त्यांचं लक्ष नखातल्या चंदनाकडे गेलं. सगळ्यांचा टिळा वर, हिचाच इथे का?

"रंजनी!"

ती आली. पुन्हा काहीतरी निघालं असं समजून दाराशीच उभी राहिली. त्यांनी पिस्तूल पुढे धरलं.

"हें तू पाहिलं होतंस?"

तिनं वाकून स्क्रू पाहिला. मग हळूच म्हणाली, "घासतांना दिसलं, मामंजी."

"मग तेव्हांच कां नाहीं सांगितलंस? मी तुज काय काय बोललों! तुझ्या वडिलांस बोललों! हें एक दाखवलं असतंस तर माझं तोंड बंद झालं असतं!"

"म्हणूनच नाहीं दाखवलं," रंजनी म्हणाली. "तुमचा राग चार दिवसांनीं उतरतो, मज ठाऊक आहे. हें उतरलं नसतं." आणि घाईनं, "पुन्हा टिळा लावूं द्या. ह्यांस कळूं नोको. कोणासच नोको."

चंद्रमौळींचा चेहरा लालबुंद झाला. "कां नोको? सगळ्यांस कळूं दे!" ते ओरडले. आयुष्यभर ज्या आवाजात ओरडले त्याच आवाजात, कारण त्यांच्याकडे दुसरा आवाजच नव्हता. दाराशी ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांनी उचलला, घटाघटा प्यायले आणि तोंड पुसत फोन ओढला. कुंभकोणमचा नंबर लावला. रंजनी "मामंजी, नोको" म्हणत पुढे झाली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं.

काय म्हणायचं ते त्यांनी मनात जुळवलं होतं. संबंधी, चुकलों. तुमच्या मुलीनं माझी लाज राखली. एवढंच म्हणायचं होतं. पण फोन उचलला गेला आणि गळ्यातून निघालं ते नेहमीसारखंच खेकसणं.

"संबंधी! मी चंद्रमौळी बोलतों!"

"चुकलं, संबंधी," सुब्बाराव पलीकडून घाईघाईनं म्हणाले. म्हाताऱ्याला धाप लागली होती. "काय झालं असेल तें, पोरीचं चुकलंच. तिला पदरांत घ्या. मी हात जोडतों." या वेळी काय झालं हे अजून त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं.