माझ्या चालण्याचा मोर्चा

गेल्या उन्हाळ्यात मी कचेरीवर एक मोर्चा नेला, आणि तो मोर्चा असल्याचे मला सर्वांत शेवटी कळले.

मी अर्जनवीस आहे. शिक्षण नववी (नापास नव्हे, लग्नामुळे अपूर्ण). परंतु अवघड मसुदा असला की वकील मंडळीसुद्धा तो माझ्या नजरेखालून घालून नेतात. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली माझे टेबल आहे आणि तेथे मी सव्वीस वर्षे बसले आहे. बसणे हाच माझ्या व्यवसायाचा पाया. पाळी गेल्यापासून हा पाया चहूबाजूंनी रुंदावू लागला. भाकरी तेवढीच, भाजी तीच, तरी दोन वर्षांत माझ्या सर्व ब्लाउजांनी एकामागून एक राजीनामे दिले.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि चौकशी आरंभली.

"दिवसभर काय करता?"

"लिहिते."

"बसून?"

"उभ्याने लिहिलेला अर्ज चांगला उतरत नाही," मी समज दिली.

"ताई, पाळी गेल्यावर शरीर पूर्वीसारखं खर्च करत नाही, साठवत जातं. साखर काठावर आहे तुमची. दर अर्ध्या तासाला उठा, दहा मिनिटं चाला. तीन महिन्यांत पाच किलो उतरले नाहीत, तर गोळी सुरू. आणि ती कायमची."

गोळीला मी भीत नाही. परंतु आमच्या यांना साखरेची गोळी आठ वर्षांपासून आहे, आणि ती केवळ त्यांच्या जिभेमुळे लागली, हे मी त्यांना रोज जेवताना ऐकवत आले आहे. बातमी ऐकताच ते खाटेवर सरकले आणि त्यांनी शेजारी जागा केली.

"ये, बठ. माले बी सोबत व्हई जाई."

त्या खाटेवर बसायचे नाही, एवढे मी तेथेच ठरवले. (सकाळ-संध्याकाळ का चालत नाही, असे विचारणाऱ्यांनी त्या वेळी आमच्या घरी येऊन पाहावे.)

दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासाने उठले, आवाराला एक फेरी मारली आणि परतले, तो माझे दोन पक्षकार शेजारच्या टेबलाचे अर्जनवीस बापू यांच्या बाकावर बसलेले.

"माले वाटनं, तुम्ही घर गयात," बापू म्हणाले. चेहऱ्यावर दुःख अजिबात नव्हते.

यावर मी तोडगा काढला. हकीकत चालताना विचारायची, मसुदा बसून लिहायचा. म्हणजे पक्षकारही हातचा जात नाही आणि किलोही राहत नाहीत. पहिला मान नथ्थूआबांना मिळाला. वय ऐंशीच्या आसपास, भानगड बांधाची.

"आबा, उठा. चला माझ्याबरोबर."

"कोठे?"

"इथंच. गोल."

"गोल काबरं? तहसीलदार तं मझार बठेल शे," आबांनी कचेरीच्या आत बोट दाखवले.

आबा कुरकुरत निघाले. त्यांना ऐकू कमी येते, हे मला माहीत होते. चालताना आणखी कमी येते, हे तेव्हा कळले. त्यामुळे मला ओरडावे लागले, आणि ऐकू न येणारी माणसे उत्तरही त्याच पट्टीत देतात.

"जमीन कोणाची?"

"आमनी!"

"बांध कोणी फोडला?"

"त्यासनी!"

आबांच्या मागचा नंबर असलेल्या बाईला वाटले, आपला नंबर चालत निघाला. ती उठली. तिच्या मागचे तिघे उठले. शिवाय कचेरीत रांग दिसली की आधी लागायचे आणि कशाची ते नंतर विचारायचे, असा आमच्याकडचा शिरस्ता असल्याने दुसऱ्या फेरीला रेशनकार्डवाल्या बायाही सामील झाल्या. ऊन एप्रिलचे. प्रत्येकाने आपापला कागद दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला. मी मात्र पुढे, छाती काढून, श्वास मोजत चालले होते. मागे पाहण्याचे मला कारणच नव्हते.

तिसऱ्या फेरीला पायऱ्यांवर नायब तहसीलदार उभे होते. दोन्ही बाजूंना एकेक पोलीस.

"ताई, तुम्ही? तुम्ही तर आपल्यातल्याच," साहेब दुखावलेल्या स्वरात म्हणाले. "बरं, निवेदन कुठे आहे?"

"कशाचे?"

साहेबांनी नुसते माझ्या पाठीमागे बोट दाखवले. मी वळले. तीसेक माणसे, हात वर, मुद्रा गंभीर.

"मागणी काय आहे?"

सव्वीस वर्षांत मी साहेबांसमोर खोटे बोललेले नाही (लिहिले असेल, ते पक्षकारांच्या सांगण्यावरून). मी म्हणाले, "साहेब, मला पाच किलो कमी करायचे आहेत."

मागून एक रेशनकार्डवाली म्हणाली, "आमले तं आधीच कमी भेटस, साहेब."

साहेबांनी तेही टिपून घेतले. मग म्हणाले, "हे पाहा, जमावबंदी चालू आहे. विनापरवाना मोर्चाचा गुन्हा नोंदवू, की यापुढे असं करणार नाही म्हणून हमीपत्र देता?"

"हमीपत्र देते."

"लिहून कोण देणार?"

हा प्रश्न मला? बापूंच्या देखत? माझे कान तापले. मी टेबलाशी गेले, नवा कागद घेतला आणि एकाग्र होऊन लिहिले: "मी कार्यालयीन वेळेत, कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही दिशेने, एकटी अथवा समूहाने, वैद्यकीय अथवा अन्य सबबीवर, माझी बैठक सोडून आवारात अथवा आवाराबाहेर फिरणार नाही." वैद्यकीय हा शब्द कोणी सांगितला नव्हता. तो मला आतून सुचला.

साक्षीदार म्हणून बापूंनी आनंदाने सही केली. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "ताई, यात सुईलाही शिरायला जागा नाही."

मी नम्रपणे मान झुकवली. बसले. अर्ध्या तासाने पुन्हा उठले.

"ताई, बठा," बापू चष्म्यावरून पाहत म्हणाले. "लिखी देयल शे. साक्षीदार मी शे."

पुढील तीन दिवस मी त्या हमीपत्राच्या नकलेत पळवाट शोधत बसले. इतरांच्या कागदांत मला ती मिनिटभरात सापडते. येथे एक नव्हती.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर उभी राहिले. पाच किलो जाणे दूरच, दोन नवे आले होते.

"चालत नाही का तुम्ही?"

मी नक्कल पुढे ठेवली. त्यांनी ती सावकाश वाचली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर गोळीचे नाव लिहिले. अक्षर फारच वाईट होते. पण "रोज एक, कायम" या मसुद्यातही मला पळवाट सापडली नाही. संध्याकाळी घरी गेले तेव्हा हे खाटेवर आधीच सरकून बसले होते.