आमच्या ह्यांनी बसवलेले मडफ्लॅप

आमचे हे, म्हणजे जालिंदर, सुप्याच्या एमआयडीसीत पत्र्याचे डबे तपासायला आहेत. भिणं हा त्यांचा जोडधंदा. कुलूप लावलं की ओढून बघणार, फाटकापर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा ओढणार. शेजारच्यांचंही ओढतील म्हणून मी त्यांना हाताला धरून नेते. मी अंगणवाडीत शिकवते. दिवसभर पोरं सांभाळायची सवय आहे, त्यात घरी एक जास्तीचं, असं समजून मी संसार केला.

आमची दीपा नगरला नर्स आहे. तिला रोज जायला-यायला म्हणून आम्ही एक जुनी गाडी घेतली. पावसाळ्यात ट्रकांच्या मागून येताना गाडीची दारं चिखलानं भरायची. चाकांमागं चिखल अडवायला रबरी मडफ्लॅप बसवून आणते, असं ती म्हणाली. पण दुकानातला पोरगा पत्र्याला भोकं पाडील, भोकांतून गंज शिरेल आणि एक दिवस गाडीचा तळच गळून पडेल, असं ह्यांच्या मनानं घेतलं. तेव्हा ह्यांनी चारही फ्लॅप विकत आणले आणि आमच्या अंगणातच काम मांडलं.

मागचे दोन नीट बसले. पुढच्यांना अडलं. स्क्रू चाकाच्या बाजूनं घालायचे, तर मधे चाक येतं. चाक काढायचं, तर जॅक लावावा लागतो. आणि जॅकचं नाव काढलं की ह्यांच्या तोंडचं पाणी पळतं, कारण जॅक सरकून चुलतभावाचा हात चेचला तेव्हा हे शेजारीच उभे होते. मग ह्यांनी युक्ती काढली. मागच्या अंगानं लांब बोल्ट घातले आणि चाकाकडच्या बाजूला कसाबसा हात घालून नट आवळले. जॅकची गरजच पडली नाही. हात काळे झाले होते, पण चेहरा असा उजळला होता की मीसुद्धा कौतुक केलं.

पुढच्या रविवारी नगरला भावकीतलं लग्न होतं. दीपा सकाळीच निघाली. मागच्या सीटवर माझ्या सासूबाई गीताबाई, त्यांची बहीण भागूबाई आणि शेजारच्या विजयमालाबाई. डिकीत लग्नघरी द्यायचे कांदे आणि तांदूळ. तिघी बसल्या तशी गाडीही खाली बसली. आम्ही दोघं दुपारच्या एसटीनं जाणार होतो. गल्लीच्या वळणावर गाडी वळली आणि खर्र असा आवाज आला.

"खडा आला आसंल चाकाखाली," मी म्हणाले.

हे आत जाऊन उरलेला एक बोल्ट घेऊन आले, तो बोटाला लावून त्याची लांबी बघितली आणि पायरीवर बसले.

"भारती, टोक चाकाकडं हाय," ते म्हणाले. "मी तपासलं तवा गाडी रिकामी हुती. आता ती खाली बसलीय. वळण आलं की टायर घासनार. बोल्ट टायर कापनार. आन् पुढं कामरगावचा घाट हाय."

अशा वेळी मी एरवी हसते. त्या दिवशी हसू आलं नाही. तो आवाज मीही ऐकला होता.

दीपाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, अशी शपथ ह्यांनीच तिला घातली होती आणि पोरगी ती पाळत होती. मागच्या तिघींत मोबाईल एकट्या भागूबाईंकडं, तोही पिशवीत, आणि पिशवी डिकीत कांद्यांवर. मग मी माझी स्कूटी काढली. ह्यांनी चावी माझ्यापुढे धरली. मीच पुढे बसले.

हायवेला लागलो. दोन्ही बाजूंनी ट्रक. माझ्या मागे बसले की हे खांद्यावर बोट मारत राहतात, हळू, हळू. त्या दिवशी एकदाही मारलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. रस्त्याच्या कडेला काचा दिसल्या की मी ब्रेक दाबायची. एका ठिकाणी गर्दी दिसली. जवळ गेलो तर माणसं भेळ खात होती. त्या माणसांचा मला राग आला, काही कारण नसताना.

घाटाच्या अलीकडे आमची गाडी कडेला उभी दिसली. भागूबाई दार उघडून ओकत होत्या आणि दीपा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"पप्पा? मम्मी? काय झालं?" तिनं विचारलं.

हे पुढच्या डाव्या चाकापाशी वाकले, टायरच्या आतल्या बाजूनं हात फिरवला आणि हात तिथंच ठेवून बसून राहिले. मी वाकून बघितलं. बोटाचं टोक बुडेल एवढी खाच पडली होती आणि खाचेत टायरचे दोरे दिसत होते. दीपानंही बघितलं. रोज रक्त बघणारी पोरगी ती, पण खाली मातीतच बसली.

"माझ्या हातानं झालं," हे म्हणाले. दीपानं त्यांचा हात धरला.

एक टेम्पोवाला थांबला. त्यानं चाक बदलून दिलं आणि पुढचे दोन्ही फ्लॅप बोल्टांसकट काढून टाकले. सासूबाईंना यातलं काही कळलं नाही. निघताना त्या खिडकीतून म्हणाल्या, "जालिंदर, लई भितोस रं तू. उलटीच झाली ना, त्यापायी एवढं पळत यायचं?"

गाडी घाटात शिरून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे होतो. मग मी स्कूटीला टेकले.

"भ्यालीस?" ह्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "आजून पोटात कसंतरी हुतंय."

"मला रोज असंच हुतं," ते म्हणाले. "दीपा निघाली की."