बोम्मसंद्रातलं लेथ मशीन

तापलेल्या मशीन-तेलाचा वास आला की बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना आठवतो. पंच्याण्णव साली मी कामगार चळवळीची पत्रकं काढायचो. तिथली जुनी यंत्रं विकायला काढल्याचं कळलं म्हणून घरच्या छंदासाठी छोटं लेथ मशीन निवडायला गेलो, तर फाटकावर टाळेबंदीची नोटीस. आत पंधरा वर्षं त्याच मशीनवर राबलेल्या कामगाराने ते चालवून दाखवलं. “अण्णा, हेच न्या. स्वल्पही थरथरत नाही. नाहीतर उद्या भंगारवाला फोडेल.” मी ताठ्यात म्हणालो, “टाळेबंदीतलं यंत्र मी घेणार नाही.” “तुमची पत्रकं वाचलीत आम्ही,” तो हसला, “पण मशीन वाचवा की!” मी निघून आलो. दुसऱ्या दिवशी पत्रकं वाटायला गेलो, तेव्हा मशीनचे तुकडे ट्रकमध्ये चढत होते आणि तो त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. माझ्या नकाराने मालकाचं काय बिघडलं, ते मला आजही सांगता येत नाही.