समुद्राचा तळ, दुसरा मजला

डोंबिवलीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मी एकदा समुद्राचा तळ पाहिला आहे.

दोष एका पिक्चरचा. खोल समुद्रातला भयपट, सगळ्यांनी नावं ठेवलेला, पण माझा जीव की प्राण! त्यात राक्षस जवळजवळ दिसतच नाही. पाणबुडी तळाशी टेकलेली असते, बाहेरच्या अंधारात कसलेसे निळे दिवे हळूहळू तरंगत जातात, आणि ते बघण्यात आतला माणूस असा हरवतो की केबिनमध्ये पाणी शिरलंय, घोट्यापर्यंत आलंय, हेही त्याला कळत नाही. या एका दृश्यासाठी तो पिक्चर पुन्हा बघावा, असं माझं ठाम मत आहे.

माझे सासरे, नाना, टिटवाळ्याला राहतात. थिएटरात त्यांना मीच हट्टाने नेलं होतं. बाहेर पडताना म्हणाले, "जावईबापू, पायाला पाणी लागतंय आणि माणसाला पत्ता नाही? इतका मठ्ठ माणूस जगात नसतो हो!" तेव्हापासून सासरच्या प्रत्येक लग्नामुंजीत माझ्या आवडीची चेष्टा. (पंगतीत पाणी वाढणारेही "घोट्यापर्यंत वाढू का?" विचारत!) मला ते फार लागलं होतं. नानांनी एकदा 'चांगला आहे' म्हणावं, एवढीच इच्छा उरली होती.

एका रविवारी नाना जेवायला आले आणि योग जुळला. जेवणं झाल्यावर माझी बायको वैशाली माजिवड्याला बहिणीकडे निघाली.

"अरे, पाणी अजून आलं नाहीये. पिंपावरचा नळ सोडून ठेवलाय. आवाज आला की लक्ष ठेव, भरलं की बंद कर. कळलं?"

"कळलं गं!"

आमच्याकडे पाणी आल्याची वर्दी अशीच मिळते. कोरडा नळ सोडून ठेवायचा आणि कान उघडे ठेवायचे. मी ठेवले, फक्त टीव्हीकडे.

पडदे ओढले, टीव्हीवर तोच पिक्चर लावला. नाना दिवाणावर मांडी घालून बसले, मी सोफ्यावर पाय सोडून. खोली निळी झाली. पोटात आमरस, डोक्यावर संथ पंखा, आणि रविवारची दुपार हळूहळू खोल खोल चाललेली... कुठेतरी टप टप. मग धार. मग खळखळ.

"आवाज ऐका नाना! अगदी घरात पाणी आल्यासारखं वाटतं!"

"खरंच हो," नाना गुंगून म्हणाले.

थोड्या वेळाने माझे तळवे गार पडले. वा! भीती थेट तळव्यांपर्यंत पोचवणारा दिग्दर्शक! पडद्यावर निळे दिवे तरंगत होते. मला इतकं शांत, इतकं सुखाचं कधी वाटलं नव्हतं.

"जावईबापू," नाना हळूच म्हणाले, "ती चप्पल पिक्चरमधली का?"

निळ्या उजेडात माझी बाथरूमची चप्पल डुलत डुलत टीव्हीकडे निघाली होती. मी भारावून बघत राहिलो. काय सुंदर दिसत होती!

एवढ्यात दारावर धडाधडा थापा. खालच्या मजल्यावरचे पाटीलकाका, इथले मूळचे आगरी. "आरं, काय चाललंय काय? माजे घरान पानी गलतंय!"

मी उठलो. पाणी घोट्यापर्यंत होतं! (बोटं बुडली होती. पण सांगणाऱ्याचा घोटा जरा खालीच असतो.)

वैशाली परतली तेव्हा मी गुडघ्यांवर बसून पाणी निपटत होतो आणि नाना अजून दिवाणावरच, मांडी घालून.

"बाबा, झालं काय?"

"काही नाही गं. पिक्चर चांगला आहे," नाना म्हणाले. "मीच चुकलो होतो. असा माणूस जगात असतो!"

जिंकलो! फडकं हातात धरून मी नानांकडे पाहिलं. म्हटलं, "बघा, दुसऱ्यांदा पाहिलं की मत बदलतं."

"पिक्चरबद्दलचं बदललं," नाना म्हणाले. "जावयाबद्दलचं पहिलंच बरोबर होतं."